ताईची शिस्त

माझी मोठी बहीण निवृत्त झाली तेव्हा मला वाटलं, आता घरात जरा शांतता नांदेल. कसली शांतता आणि कसलं काय! सव्वीस वर्षं तिने बायकांच्या तुरुंगात शिवणकाम शिकवलं, आणि निवृत्तीनंतर तो तुरुंगच उठून आमच्या बाहेरच्या खोलीत राहायला आला.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. ताईचा नवरा लवकर गेला, मी लग्नच केलं नाही, त्यामुळे आम्ही दोघीच. बाहेरच्या खोलीत ताईचं जुनं पायमशीन आणि भिंतीला लागून एक लाकडी बाक. त्या बाकावर कोणी ना कोणी बसलेली असायचीच. कोणी सुटून दोन वर्षं झालेली, कोणी दोन दिवस. एक तर त्याच सकाळी सुटून कापडी पिशवी घेऊन थेट आमच्याकडे आलेली, कारण दुसरीकडे कुठे जायचं हेच तिला ठाऊक नव्हतं. ताई त्यांच्यासाठी काम शोधायची. शिवणाचे कारखाने, कपडे धुण्याची दुकानं, इस्पितळातली चादरी दुरुस्त करायची खोली, जिथे म्हणून सुई चालते तिथले उंबरे ती झिजवायची. सकाळी नऊला गुडघ्याला पट्टा बांधून बाहेर पडायची आणि दुपारी तोंड पाडून परत यायची. फोनवरून पाठपुरावा करायचं काम माझ्या गळ्यात. ‘बघतो, नंतर कळवतो’ हे मी इतक्यांदा ऐकलंय, की अजूनही ते कानावर पडलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. कोणी कळवत नाही. एकही माणूस कळवत नाही.

ताईचे दोन नियम होते. मालकाला खरं काय ते आधीच सांगायचं, आणि कोणी काय गुन्हा केला होता ते आपण विचारायचं नाही. “शिक्षा भोगून झाली ना? मग संपलं,” असं म्हणायची. मी म्हणायचे, “तुझ्यासाठी संपलं गं, लोकांसाठी कुठे संपतंय?” त्यावर ती मला सुई मागायची. हो, सुई. मी घरात साधं बटण लावलं तरी हातातली सुई सुयांच्या उशीत परत गेली की नाही ते ती बघायची आणि उशीतल्या सगळ्या सुया मोजायची. तुरुंगात सुई मोडली तर दोन्ही तुकडे जमा केल्याशिवाय नवी मिळत नसे आणि कात्र्या साखळीने टेबलाला बांधलेल्या असत. ती सवय काही जाईना. उद्या ही मला सुई परत केल्याची सही करायला लावेल, असं मी सगळ्यांना सांगत सुटायचे.

तर या बाकावर एके दिवशी काजवाली येऊन बसली. हे तिला ताईने तुरुंगात पाडलेलं नाव. हाताने काज करावेत तर तिनेच, टाके असे एकसारखे की मशीनने लाजावं. बोलायची मात्र अगदी कमी. सात वर्षं आत होती. आत गेली तेव्हा मुलगी वर्षाची होती. नवरा आधीच सोडून गेलेला, त्यामुळे मुलीला नणंदेने वाढवलं. आता काजवाली सुटली आणि मुलीला न्यायला गेली, तर नणंदेने दारातच अट घातली. “एका जागी सहा महिने नोकरी टिकवून दाखव. मालकाचं तसं पत्र आण. मग मुलगी घेऊन जा, मी अडवणार नाही.”

काजवालीने मान डोलावली आणि आमच्याकडे आली. “बाई, सहा महिन्यांचं पत्र पाहिजे,” एवढंच म्हणाली. ताईला ती बाई म्हणायची, मला मावशी.

एकोणीस ठिकाणी नकार मिळाला. विसाव्या ठिकाणी, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात, मालकीणबाईंनी तिचे काज उलटसुलट करून पाहिले आणि घेतलं. अट एकच, इतर बायकांना ती कुठून आली हे कळता कामा नये. ताई म्हणाली, चालेल. मला तेव्हाच ते पटलं नव्हतं, पण माझं कोण ऐकतंय!

पाच महिने वीस दिवस सगळं सुरळीत चाललं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारायचे. वर कुरकुर करायचे, पण मारायचे. आणि एकविसाव्या दिवशी, काम सुटायच्या वेळेला, तिथले कटिंग मास्तर ओरडले, “माझी कात्री कुठे गेली? कोणी घेतली?”

बायका हसल्या. कोणी कापडाचे गठ्ठे उचलून पाहू लागली, कोणी मास्तरांच्याच विसराळूपणावर बोट ठेवलं. काजवाली मात्र उठली. तिने मशीन बंद केलं, भिंतीपाशी गेली, चपला काढल्या, पर्स जमिनीवर उलटी केली, दोन्ही तळवे भिंतीला टेकवले, पाय फाकवले आणि तोंड भिंतीकडे करून उभी राहिली. झडती घ्यायला उभं राहतात तशी. चाळीस बायकांच्या त्या खोलीतली सगळी मशीनं थांबली. काही कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

कात्री सकाळी मास्तरांनी स्वतःच धार लावायला दिली होती. पाच मिनिटांत त्यांना आठवलं. ते बिचारे ओशाळले, तिला म्हणाले, “अगं, चुकलं माझं.” पण आता मास्तरांची माफी घेऊन करायचं काय? दुसऱ्या दिवशी निम्म्या बायकांनी मालकीणबाईंना सांगितलं, ती तरी राहील नाहीतर आम्ही तरी.

आम्ही दोघी तणतणत कारखान्यात गेलो. म्हणजे मी तणतणत, ताई गप्प. मालकीणबाई वाईट नव्हत्या, म्हणूनच जास्त राग आला. वाईट माणसाला निदान चार शब्द सुनावता येतात.

“चोरी झाली नाही हे मला कळतंय हो,” त्या म्हणाल्या. “पण मोसम तोंडावर आलाय. मी कारखाना चालवू का या बायकांची समजूत काढत बसू?”

“दहा दिवस ठेवा तिला,” ताई म्हणाली. “फक्त दहा दिवस. तिच्या मुलीचा प्रश्न आहे.”

“दहा दिवसांत माझ्याकडे मशीनवर बसायला कोणी उरणार नाही.”

पत्र दिलं त्यांनी. चांगलं दिलं. वागणूक उत्तम, काम उत्तम, कालावधी पाच महिने वीस दिवस.

काजवाली खाली फाटकाशी थांबली होती. माझा तोल गेला. “पण तू उठलीसच का?” मी ओरडले. “तुला कोणी नाव घेऊन विचारलं होतं का? गप बसायचं ना इतरांसारखं!”

ती माझ्याकडे नाही, ताईकडे बघत म्हणाली, “बाई, तुम्हीच शिकवलंत ना.”

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. आम्ही घरी आलो. मग बाकावर बसून गुडघ्याचा पट्टा सोडता सोडता तिने मला सांगितलं. आत एखादी कात्री कमी भरली की पहारेकरणी काठ्या घेऊन यायच्या आणि जी समोर सापडेल तिला बडवायच्या. म्हणून ताईने शिस्त घालून दिली. कात्री म्हणून आवाज आला की कोणी सांगायच्या आत भिंतीशी जाऊन उभं राहायचं, आणि ‘बस आता’ म्हटल्याशिवाय हलायचं नाही. जी आधी उभी राहील तिची झडती आधी, ती मोकळी आधी. त्या दिवसापासून तिच्या वर्गात एकीलाही मार बसला नाही. “मला केवढा अभिमान होता गं त्याचा,” ती म्हणाली. “बाहेर सोडताना ते विसरायला शिकवायचं, हे डोक्यातच आलं नाही माझ्या.” सव्वीस वर्षांत किती बायका तिच्या हाताखालून गेल्या, कुठल्या कुठल्या भिंतींशी उभ्या राहिल्या असतील, ते ती मोजायला लागली आणि मला ते ऐकवेना. मी आत निघून गेले.

आम्ही पत्र घेऊन नणंदेकडे गेलो. तिने ते दोनदा वाचलं. “दहा दिवस कमी आहेत.”

“अहो, दहा दिवसांनी काय आभाळ कोसळणार आहे?” मी म्हणाले. मला राहवतच नाही.

“सात वर्षं मी काढली आहेत, मावशी. तिच्या तापात मी बसले, तिची अक्षरं मी गिरवून घेतली. मी दहा दिवसांवर अडले तर तुम्हाला टोचतंय.” तिचे डोळे भरले होते. ही बाई दुष्टपणा करत नव्हती, मुलगी जाणार म्हणून घाबरलेली होती. ते मला दिसत होतं आणि तरी तिला गदागदा हलवावंसं वाटत होतं.

शेवटी ताईने मधला मार्ग काढला. दर रविवारी अकरा वाजता नणंद मुलीला आमच्या घरी आणेल, तासभर मायलेकी भेटतील. तीन-चार भेटी नीट झाल्या तर पत्राचं राहू दे, मुलगी सुट्टीत आईकडे राहायला जाईल. काजवालीने ते ऐकलं आणि त्या आठवड्यात एक झगा शिवला. समोर पाच बटणं, पाच काज.

त्या रविवारी ती आठलाच येऊन बसली. ताईला एका कारखानदाराने सकाळचीच वेळ दिली होती, काजवालीच्याच नव्या कामासाठी, म्हणून ती अकराच्या आत येते सांगून गेली. घर चकचकीत करायचं मी मनावर घेतलं. मुलगी पहिल्यांदा येणार, तिला बाक बघून दवाखाना वाटायला नको. भांडी घासली, लादी पुसली, आणि साबणाचे हात धुतल्यावर लक्षात आलं, बोटात आईची अंगठी नाही.

“माझी अंगठी कुठे गेली?” मी ओरडले. आत, माझ्याशीच. मला सवयच आहे, चष्मा सापडला नाही तरी मी गल्लीला ऐकू जाईल असं ओरडते. “इथेच होती, कोणी उचलली?”

बाहेर आले तर ती भिंतीशी उभी होती. चपला बाजूला काढलेल्या, तळवे भिंतीला, पर्स जमिनीवर उलटी. कंगवा, दोऱ्याची रिळं, घडी घातलेलं पत्र, मुलीचा फोटो.

मी आता जे सांगणार आहे ते मी ताईलाही सांगितलेलं नाही. ‘अगं, हे काय करतेस’ असं म्हणायच्या आधी मी त्या वस्तूंवरून नजर फिरवली. कंगव्याखाली, रिळांच्या मधे. कारखान्यातल्या त्या दिवसापासून मी त्या मालकीणबाईंना आणि त्यांच्या चाळीस बायकांना दात-ओठ खात शिव्या घातल्या होत्या, आणि मी बघितलं.

मान वर केली तर दार उघडं होतं आणि दारात नणंद उभी होती, मुलीचा हात धरून.

“आत्या, आई अशी का उभी आहे?” मुलीने विचारलं.

 नणंदेने मुलीला वळवलं आणि ती जिना उतरू लागली. मी अनवाणी, ओल्या हातांनी त्यांच्या मागे धावले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर गाठलं. “तिने काही केलं नाही,” मी म्हणाले. “मीच वेंधळी. अंगठी साबणापाशीच असणार. ती सवयीने उभी राहते हो, आवाज चढला की.”

नणंद थांबली. “आणि तुम्ही बघितलंत का तिच्या पर्समध्ये?”

खोटं बोलावंसं फार वाटलं. “बघितलं.”

 मला वाटलं, आता संपलं. मग तिने हळूच म्हटलं, “सुटल्यावर ती मला भेटून गेली ना, त्या दिवशी मी सगळी कपाटं तपासली. मुलीसमोर.” मुलीचा हात धरून ती परत वळली. “चला वर. पण ती अजून तशीच उभी असेल का?”

 ताई घरी नव्हती. मी धावत खाली आले होते. ‘बस आता’ म्हणून तिला सांगणारं वर कोणीच नव्हतं.