उतारावर पाहिलेली गाडी

जुनी गाडी पाहायला मोतीलाल आबांना बोलावलं, की विकणाऱ्याच्या घरी चहाही तयार लागे आणि पाणीही. गाडी पूर्ण पाहून होईपर्यंत आबा कशालाच हात लावत नसत. शेवटी त्यांनी चहाचा कप उचलला, तर गाडी घ्यावी. "नुसतं पाणी द्या," म्हणाले, तर घेणाऱ्यानं नमस्कार करून निघावं. कुणाच्या दारात उभं राहून त्याच्याच गाडीला नावं ठेवायची नाहीत, म्हणून आबांनी पाडलेली ही रीत. धुळ्यापासून शिरपूरपर्यंतच्या गॅरेजवाल्यांना ती ठाऊक होती. "आबांनी चहा घेतलेली गाडी आहे," एवढं सांगितलं की लोक पुढचं विचारत नसत.

नऊ वर्षांपूर्वी आबांनी गाड्या पाहणं सोडलं. त्याच दिवशी चहा सोडला.

धुळ्यात देवपुरातल्या त्यांच्या घरात तेव्हापासून सकाळी एकाच कपाचा चहा होतो, त्यांच्या बायकोचा, वच्छलाबाईंचा. आबा समोर बसून गरम पाणी पितात. पाहुण्यांना वाटतं, साखरेचा आजार असेल. वच्छलाबाई कुणाला दुरुस्त करत नाहीत.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी प्रज्ञा दारात उभी राहिली. सव्वीस वर्षांची, हाताच्या नखांत काळं तेल, ओढणी कमरेला गाठ मारून बांधलेली. शिरपूरच्या जीवनची मुलगी. बापाचं गॅरेज आता तीच चालवते.

"जय भीम, आबा."

"जय भीम. बस." आबांनी खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचललं. "बाप कसा आहे?"

"खुर्चीत बसून माझ्या चुका काढतो."

"मग बरा आहे."

प्रज्ञा बसली नाही. "आबा, गाडी पाहायला चला."

आत वच्छलाबाई भांडी घासत होत्या, तो आवाज थांबला.

"मी पाहत नाही आता."

"माहीत आहे."

"मग?"

"बिजासन घाटात बंद पडलेल्या गाड्या महिन्यातून दोन-तीनदा आणाव्या लागतात. कार चढवायची ट्रॉली आहे माझ्याकडे, ओढायला गाडी नाही. भाड्याच्या गाडीवाल्याला फोन केला तर तो म्हणतो, मी लग्नात आहे. रोज कुणाचं लग्न असतं कोण जाणे. रोजचं काम नाही, म्हणून नवी परवडत नाही. जुनी पाहिजे."

"धुळ्यात मेकॅनिक काय कमी आहेत?"

"बाबांनी तुमचंच नाव सांगितलं."

आबांनी वर्तमानपत्राची घडी केली, ती उलगडली, परत केली. जीवननं नाव सांगितलं, हेच त्यांच्या गळ्याखाली उतरेना.

जीवन आबांच्याच हाताखाली काम शिकला होता. शिरपूरला स्वतःचं गॅरेज टाकल्यावर त्यालाही अशीच एक गाडी हवी होती, ट्रॉली ओढायला. जळगावात एक पिकअप निघाली आणि आबा ती पाहायला गेले. पारखायची त्यांची पद्धत एकच होती, आणि त्या पट्ट्यात सगळ्यांची तीच: गाडीत सरकीची पोती भरायची आणि लळिंगचा घाट चढवायचा. दम सोडला नाही, काळा धूर ओकला नाही, की पास. खान्देशात माल वाहणाऱ्या माणसाला धास्ती चढाची. उताराचं काय, गाडी आपली आपण उतरते. ती पिकअप लळिंग अशी चढली, की आबांनी त्या दिवशी एक सोडून दोन कप चहा घेतला.

चौथ्या महिन्यात जीवन सेंधव्याकडून एक बंद कार ट्रॉलीवर घालून बिजासन घाट उतरत होता. पिकअप मागून हलकी होती आणि ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नव्हते. वळणावर ट्रॉलीनं मागून ढकललं आणि पिकअप आडवी झाली. जीवनचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

धुळ्याच्या दवाखान्यात आबा पलंगाजवळ जाऊन उभे राहिले, तेव्हा जीवन शुद्धीवर होता. म्हणाला, "आबा, ओढत मस्त होती."

तो टोमणा नव्हता. जीवन खरंच तसं सांगत होता. टोमणा असता तर आबांना सोपं गेलं असतं. त्यानंतर ते शिरपूरला गेले नाहीत. फोन आला की वच्छलाबाई उचलायच्या.

आता वच्छलाबाई ओले हात पदराला पुसत बाहेर आल्या. "जा ना. नऊ वरीस व्हयनात, भितडाकडे पाही राहिनात." त्यांनी समोरच्या भिंतीकडे हात केला.

"आणि परत चुकलो तर?"

हा प्रश्न वच्छलाबाईंना नव्हता. आबा प्रज्ञाकडे पाहत होते.

"आबा, तुम्ही आला नाहीत तर मी एकटी जाणार," ती म्हणाली. "गाडी तर मी घेणारच. आणि घाटही मीच उतरणार."

आबा चपला शोधायला उठले.

पहिली गाडी जळगावला, हितेंद्रच्या आवारात. पांढरीशुभ्र पिकअप, नवा रंग, नवे टायर, काचेवर झेंडूची माळ. हितेंद्र जुन्या गाड्यांचा व्यापारी, तोंड भरून बोलणारा.

"या आबा, या. किती वर्षांनी पाय लागले. गाडी म्हणजे नवरी आहे बघा."

"नवरीला पाठमोरी उभी कर," आबा म्हणाले.

मागच्या बंपरला ट्रॉलीचा हुक जोडलेला होता. आबा गुडघे धरत धरत खाली बसले, मग सरळ जमिनीवर पाठ टेकून गाडीखाली सरकले. प्रज्ञाही दुसऱ्या बाजूनं सरकली. दोघांची तोंडं गाडीखाली समोरासमोर आली.

"काय दिसतंय?"

"हुक नुसत्या बंपरच्या पत्र्याला जोडलाय. चेसीला नाही."

"आणखी?"

तिनं चेसीवरून, गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावरून, बोट फिरवलं. "इथं रंग जाड आहे. खाली वेल्डिंग असेल."

"बापानं शिकवलं?"

"शिव्या देऊन."

"मीही त्याला तसंच शिकवलं होतं."

बाहेरून हितेंद्रचा आवाज आला. "आबा, इंजिन तर ऐका. घाट असा चढते, की मागच्यानं म्हणावं, कोण गेलं?"

आबा खालून बाहेर आले. पाठीला माती लागली होती, ती त्यांनी झटकली नाही. "घाट चढते," ते हळू म्हणाले. "बरं. पाणी दे."

हितेंद्रनं चहाची किटली खाली ठेवली. त्यालाही रीत माहीत होती.

दुसरी गाडी सोनगीरला, लोटनकडे. पितळी भांड्यांचा आठवडी बाजार करणारा माणूस. त्याची चारशेसात, म्हणजे छोटा ट्रक, वीस वर्षांची. रंग कुठला हे विचारावं लागेल अशी. आरसा सुतळीनं बांधलेला. पण बुटकी, जड, रुंद. आणि मागे हुक होता. लग्नसराईत लोटन जनरेटरची ट्रॉली भाड्यानं ओढत असे, त्यासाठी त्यानं चेसीच्या आडव्या पट्टीला बोल्ट मारून तो पक्का केला होता.

"आबा, बठ्ठं दखी ल्या," लोटन गाडीची सगळी दारं उघडत म्हणाला. "मन्ही गाडी म्हातारी शे, पन खोटी नई."

"म्हातारा तर मीही आहे," आबा म्हणाले. "खोटी आहे का नाही, ते उतारावर कळेल."

"उतारावर?" लोटन हसला. "लोक चढावर नेतस, आबा."

"हो," आबा म्हणाले. "नेतात."

प्रज्ञानं शिरपूरहून भाड्याच्या गाडीमागं ट्रॉली आणली होती, तिच्यावर गॅरेजात पडलेली एक बंद कार. आबांनी ट्रॉलीच्या चाकांशी वाकून पाहिलं.

"हिला ब्रेक आहेत?"

"आहेत. बाबांनी खुर्चीत बसून बसवले. पाने मी देत होते."

आबांनी त्या ब्रेकवर क्षणभर हात ठेवला. मग ट्रॉली चारशेसातला जोडली आणि सगळे धुळं ओलांडून लळिंगला गेले. घाटमाथ्यावर आबा स्टिअरिंगवर बसले. प्रज्ञा दुसऱ्या दारानं चढू लागली.

"उतर."

"आबा..."

"आज मी एकटा. तू आणि लोटन खाली थांबा. मी तीनदा उतरणार आहे."

"तीनदा कशाला?"

"गार ब्रेक सगळेच धरतात."

प्रज्ञा आणि लोटन भाड्याच्या गाडीनं खाली जाऊन उभे राहिले. पहिल्यांदा आबा उतरले, ते सावकाश, कडेकडेनं, मधे दोनदा थांबवून पाहत. वळून पुन्हा वर गेले. दुसऱ्यांदाही तसेच आले. तिसऱ्यांदा वेळ लागला. लोटन बिडी पेटवायला लागला आणि पेटवायची राहून गेली. प्रज्ञा रस्त्याच्या कडेला चार पावलं वर गेली, मग आणखी चार.

चारशेसात वळणावर दिसली तेव्हा ती पहिल्या गिअरमध्ये रांगत होती, इंजिन ओरडत होतं. ती प्रज्ञाला ओलांडून पुढे सपाटीवर गेली आणि तिथं आपोआप थांबली. चाकांतून जळका वास येत होता. आबांचे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते. प्रज्ञानं दार उघडलं.

"पेडल खाली गेलं," ते म्हणाले. "गिअरवर आणली."

तिनं त्यांची बोटं एकेक करून सोडवली.

सोनगीरला परत आल्यावर लोटनच्या बायकोनं चहा आणि पाणी दोन्ही आणलं. आबा म्हणाले, "पाणी द्या."

लोटनचा चेहरा उतरला. प्रज्ञानं ओढणीची गाठ सोडून पुन्हा बांधली. ही गाडी तिच्या मनात बसली होती. रीतीप्रमाणे आता उठायचं होतं. पाणी मागितल्यावर आबा आजवर कुणाच्या दारात एक शब्द बोलले नव्हते.

ते बसूनच राहिले.

"लोटन," ते म्हणाले, "चेसी चांगली आहे. स्प्रिंगचे पाटे चांगले आहेत. हुक तर मी बसवला असता तसाच आहे. गाडी पेलेल, मागची ट्रॉली हिला हलवणार नाही. पण ब्रेकचे ड्रम झिजलेत, लायनर काचेसारखे गुळगुळीत झालेत आणि ब्रेकचं तेल तू कधी बदललं होतंस?"

लोटननं बायकोकडे पाहिलं.

"मले काय इचारतस," ती म्हणाली. "मी काय ब्रेक दाबस?"

"बाजार सपाट शे, आबा," लोटन म्हणाला. "सोनगीरहून धुळं, धुळ्याहून कापडणं. ब्रेक लागतस कव्हय?"

"तुला लागले नाहीत. हिला लागतील." आबांनी प्रज्ञाकडे बोट केलं. "पूर्वी मी पाणी पिऊन निघून जायचो. का नको, ते सांगायचो नाही. सांगायची सवय असती, तर गाडी कुठला घाट उतरणार, हे विचारायचीही लागली असती. हे सगळं बदलून घे. पंधरा दिवसांनी येतो."

पंधरा दिवसांनी गाडी तयार होती. नवे ड्रम, नवे लायनर, नवं तेल. आरसा मात्र सुतळीनंच बांधलेला. लळिंगच्या माथ्यावर आबा या वेळी डावीकडच्या दारानं चढले.

"चालव," ते म्हणाले.

"मी?"

"घाट कोण उतरणार आहे?"

प्रज्ञानं दुसरा गिअर टाकला. मागून कारचं आणि ट्रॉलीचं वजन गाडीवर आलं. आबांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, पण उजवा पाय समोरच्या पत्र्यावर नकळत दाबला जात होता.

"काय होतंय?"

"मागून ढकलतंय."

"किती?"

तिला शब्द सापडायला वळण संपावं लागलं. "कुणी खांद्यावर हात ठेवावा, तेवढं."

"धक्का?"

"धक्का नाही."

"आता थांबव."

गाडी थांबली. मागची ट्रॉलीही तिच्याबरोबर थांबली, सरळ रेषेत. असे तीन वेळा उतरले. तिसऱ्यांदा खाली आल्यावर आबा म्हणाले, "अजून एकदा," आणि चौथ्यांदा उतरले. चौथ्यांदाही पेडल पहिल्यासारखंच वर होतं. आबांनी खाली उतरून चाकाजवळ नाक नेलं. बराच वेळ तिथंच वाकून राहिले.

सोनगीरला लोटनच्या ओट्यावर दोन कप चहा आणि तांब्याभर पाणी आलं. लोटन दाराला टेकून उभा होता, आबांच्या हाताकडे पाहत. आबांनी हात पुढे केला आणि एक कप प्रज्ञापुढे सरकवला.

"तू चालवली. तू सांग."

"आबा, लोक तुमच्या..."

"लोकांचं राहू दे. एका माणसाच्या कपावर गाडी घ्यायची नसते. तुझ्या बापानं घेतली होती."

प्रज्ञा कपाकडे पाहत बसली. मग म्हणाली, "टायर मागचे दोन बदलावे लागतील."

"लागतील."

"आणि आरसा."

"आरसा मी फुकट देसू," लोटन घाईनं म्हणाला.

तिनं कप उचलला आणि चहा प्यायला. लोटन ओट्यावर खाली बसला, जणू घाट त्यानंच उतरला होता.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. शिरपूरहून जीवन. आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू येत होता.

"काय झालं गं?"

"घेतली, बाबा. मी चहा घेतला."

"तू? आणि आबांनी?"

प्रज्ञानं पाहिलं. आबांचा कप तसाच होता, वर साय धरायला लागली होती. तिनं काही न बोलता फोन त्यांच्यापुढे धरला. आबांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

"जीवन."

पलीकडे गॅरेजात कुठंतरी पत्रा ठोकल्याचा आवाज येत होता.

"बोला, आबा."

"या वेळी उतारावर पाहिली रे." आबांनी ओट्यासमोर उभ्या गाडीकडे पाहिलं. "चारदा."

पत्र्याचा आवाज थांबला. जीवननं हात करून थांबवायला सांगितलं असावं.

"आबा," तो म्हणाला, "चहा गार होईल."

आबांनी फोन प्रज्ञाकडे दिला. बोटानं साय बाजूला केली, कप उचलला आणि नऊ वर्षांनी पहिला घोट घेतला. लोटनच्या बायकोनं विचारलं, साखर व्हई का अजून. आबांनी मान हलवून नको म्हटलं, आणि कप रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.