बसून ऐकायचं नाही

कुणी कात्रीला विचारलं की पंक ऐकायला कुठून सुरुवात करू, तर ती आधी त्या माणसाला खुर्चीवरून उठवते. हे संगीत बसून ऐकायचं नाही. ज्या बँडचं नाव तुमच्या कानावर आधीच आलंय, तिथून सुरुवात करायची नाही. आणि पहिली रेकॉर्ड शोधून वाईट ध्वनिमुद्रणाचीच घ्यायची. "गुळगुळीत ऐकायची सवय आधी मोडली पाहिजे," ती म्हणते. "किडका दात न काढता कवळी बसते का कधी?"

दातांवाचून तिचं पान हलत नाही, कारण कात्री कवळ्या बनवते. एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागे, गल्लीत दार उघडणारी तिची खोली आहे. फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. शेगडीवर गुलाबी मेणाची वाटी, खिडकीखाली पॉलिशचं चाक आणि सगळ्यावर पिठासारखी पांढरी धूळ. त्या धुळीत एक जुना टेपरेकॉर्डर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला असतो. चाक सुरू झालं की टेपचा आवाज वाढतो आणि पलीकडे तोंड उघडून बसलेले रुग्ण दचकतात. दंतवैद्याने तक्रार करायचं कधीच सोडून दिलंय. इतक्या चांगल्या कवळ्या बनवणारं दुसरं कोणी त्याला मिळालेलं नाही.

वेणी घालण्यावरून आईशी वाद झाला, तेव्हा कॉलेजातल्या या मुलीने शिवणकामाच्या कात्रीने ती वेणी कापून आईच्या हातात दिली. तेव्हापासून तिचं नाव कात्री. त्याच सुमारास ती 'फुटका नळ' नावाच्या बँडमध्ये बेस गिटार बडवायला लागली. बँडची एकच टेप निघाली. मग ड्रम वाजवणाऱ्याला बँकेत नोकरी लागली आणि गाणारा, जो स्टेजवर सगळ्या जगाला शिव्या घालायचा, तो त्याला निरोप देताना ओक्साबोक्शी रडला. कात्रीचं लग्न झालं, मुलगी झाली, नवरा गेला, मुलीचं लग्न झालं. केस पांढरे झाले, पण आखूडच राहिले.

तिच्या या जगात विहीणबाई आल्या त्या डोळ्यांमुळे. विहीणबाई म्हणजे जावयाची आई. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागल्या आणि सुपरवायझर होऊन निवृत्त झाल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन कात्रीच्या घराजवळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात होतं. मुलगा-सून दोघंही दिवसभर कामावर, त्यामुळे बरं होईपर्यंत त्यांनी कात्रीकडे, तिच्या खोलीवरच्या घरात राहायचं ठरलं. ठरवलं लेकीने. जाताना आईला दम भरायला विसरली नाही. "त्यांच्यासमोर तुझा तो धिंगाणा लावू नकोस. आणि त्यांच्या कवळीबद्दल एक शब्द काढायचा नाही."

कवळीबद्दल बोलण्यासारखं बरंच होतं. विहीणबाई बोलताना तोंडावर हात धरत. खालची कवळी उडायची म्हणून. कात्रीच्या नजरेने हे लग्नातच टिपलं होतं, पण विहिणीच्या तोंडात बोट घालायची सोय नव्हती.

धिंगाण्याचं म्हणाल, तर तो पहिल्याच संध्याकाळी रेकॉर्डप्लेअरवर लागला. विहीणबाई डोळ्यावर काळा चष्मा लावून पलंगावर बसल्या होत्या. बराच वेळ त्यांनी ऐकून घेतलं. मग हाताआडून विचारलं, "हे तुम्ही मुद्दाम लावलंय?"

"मुद्दाम."

"बरं. मला वाटलं, काहीतरी बिघडलंय."

कात्री हसली. तिला वाटलं, आता बंद करा म्हणतील. पण विहीणबाई म्हणाल्या, "टीव्ही बंद, वाचन बंद, वाकणंसुद्धा बंद. कान तेवढे चालू आहेत. उभा जन्म लोकांची भांडणं जोडून देण्यात गेला, आवाजाला मी घाबरत नाही. मला काय ऐकायचं ते सांगा तरी."

कात्रीला कोणी असं म्हणावं, याची ती वर्षानुवर्षं वाट बघत होती. लेकीचा दम तिने एका क्षणात गुंडाळून ठेवला.

सकाळी कामावर उतरण्याआधी तिने तीन छोट्या रेकॉर्ड काढून टेबलावर ठेवल्या. वर 'रविवार बंद'. तिच्या मते ही सुरुवातच. "गॅरेजमध्ये वाजवलंय. मध्येच कुणाची तरी सायकल पडते, तिकडे लक्ष द्या." मग 'तिसरी शिफ्ट', बाटल्यांच्या कारखान्यातल्या तिघीजणी. "यांना वाजवता येत नव्हतं. तरी वाजवलं, हेच ऐकायचं." शेवटी 'शेजाऱ्यांची तक्रार'. "हा बँड तीन ठिकाणांहून हाकलला गेला. चौथ्या ठिकाणी ही रेकॉर्ड केली." सुई कशी ठेवायची ते तिने विहीणबाईंचा हात धरून दाखवलं. "आणि उभं राहून ऐकायचं हं."

"पलंगाला धरून चालेल?"

"चालेल."

दिवसभर खाली चाक फिरत राहिलं. संध्याकाळी कात्री वर आली, तर विहीणबाई खिडकीशी उभ्या. काळ्या चष्म्याखालून गाल ओले.

"डोळ्यात औषध घातलं का?" कात्रीने घाबरून विचारलं.

"औषध नाही हो. फार दुःखी माणसं आहेत ही. तो पहिला बाप्या किती जड आवाजात म्हणतो, 'आम्ही जाणार नाही, आम्ही जाणार नाही.' एकेक शब्द ओढून. मला वाटलं, याला कोणीतरी घरातून काढतंय आणि हा बिचारा हातापाया पडतोय."

"हातापाया? 'रविवार बंद'?" कात्री चक्रावली. मग तिने रेकॉर्डप्लेअरकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. आदल्या रात्री तिने मोठी रेकॉर्ड लावली होती. वेगाचं बटण तेहतीसवरच राहिलं होतं. छोट्या रेकॉर्ड पंचेचाळीसवर वाजवायच्या असतात. अख्ख्या गल्लीला पंक कसं ऐकावं हे शिकवणाऱ्या बाईने आपल्या विहिणीला ते दिवसभर मुंगीच्या पावलांनी ऐकवलं होतं.

"माझी चूक," ती म्हणाली. "आता ऐका."

बटण फिरलं. सुई टेकली आणि खोलीत जणू भांड्यांचं कपाट कोसळलं. विहीणबाईंनी पलंगाची कड घट्ट धरली. सायकल पडली. "आम्ही जाणार नाही" चार वेळा आलं, चारही वेळा दार आपटल्यासारखं. मग नुसतीच खरखर.

"संपलं?"

"संपलं."

"एवढंच?"

"सांगायचं ते सांगून झालं की थांबतात ते."

विहीणबाईंनी चाचपडत सुई उचलून ठेवली. मग म्हणाल्या, "म्हणजे तो हातापाया पडत नव्हता तर." आणि थोड्या वेळाने, हात तोंडावरच ठेवून, "मी पडत होते."

मग एकेक बाहेर यायला लागलं. विहीणबाईंचं दोन खोल्यांचं घर, तिसऱ्या मजल्यावरचं, त्यांच्या नावावरचं. मुलाला ते विकून सगळ्यांसाठी मोठं घर घ्यायचं होतं. त्यात आईला स्वतंत्र कोपरा. कागद तयार होते. डोळे बरे झाले की सही. "मी त्याला म्हटलं होतं, बघ, जमलं तर राहू दे माझं घर. त्याने 'बघ' तेवढं ऐकलं. माझं बोलणं हाताआडूनच येतं ना, लोक सोयीचं तेवढं घेतात. वर पुन्हा मी भांडायला तोंड उघडलं आणि हे दात दलालाच्या कपात पडले तर?"

"तुम्हाला नाही विकायचं?"

"मरेपर्यंत नाही."

"मग आधी ती कवळी काढा," कात्री म्हणाली. "काढा, इथे द्या."

विहीणबाईंनी पाठ वळवली, कवळी काढली आणि रुमालात ठेवून दिली. कात्रीने ती दिव्याखाली धरली. खालच्या कडा लांब राहिलेल्या, पुढचे दात नको तितके बाहेर मांडलेले. जीभ हलली की कवळी उचलली जाणारच. "ही तुमच्या तोंडाची नव्हेच. घाईत उरकलेली आहे कोणीतरी. इतकी वर्षं कशी सोसलीत?"

"माफ मना वाफलं, माफंफ फोंड वाफट," असं काहीतरी विहीणबाई रुमालाआडून म्हणाल्या. कात्रीला अर्थ बरोबर कळला. माझंच तोंड वाईट, असं म्हणणारे पुष्कळ जण तिने पाहिले होते.

दंतवैद्याने नवा ठसा घेतला. कात्रीने मेणात दात मांडले, मोडले, पुन्हा मांडले. दंतवैद्याच्या खुर्चीवर रुग्णाला कवळी घालून काहीबाही बोलायला लावतात. तेवढ्यावर कात्रीचं समाधान होत नाही. तयार कवळी घातलेल्या माणसाला ती मागच्या खोलीत उभं करते, चाक सुरू करते आणि चाकाच्या वर आवाज चढवून ओरडायला लावते. हळू बोलण्यात कुठलीही कवळी बसते, असं तिचं म्हणणं. काय ओरडायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. बहुतेक जण कुणाचं तरी नाव घेतात.

विहीणबाईंनी आधी घसा साफ केला. "आम्ही जाणार नाही," त्या म्हणाल्या.

"ऐकू आलं नाही."

"आम्ही जाणार नाही!"

"हात खाली घ्या की. तोंड काय चोरीचं आहे?"

हात खाली आला. तिसऱ्या वेळी पलीकडच्या दवाखान्यात कोणाच्या तरी हातातून काहीतरी खळकन पडलं. कवळी जागच्या जागी होती. डावीकडे हिरडीला एक टोक बोचत होतं. कात्रीने तिथे पेन्सिलीची खूण केली, चाकावर कणभर घासलं आणि परत ओरडायला लावलं. आता बोचेना. विहीणबाई थांबेनात. त्यांनी 'तिसरी शिफ्ट'चंही अख्खं गाणं म्हणून घेतलं.

पुढच्या रविवारी दुपारी लेक, जावई आणि दलाल असे तिघे आले. दलालाने बगलेतली फाइल टेबलावर ठेवली. लेकीने आईला स्वयंपाकघरात गाठलं. "तू मध्ये तोंड घालू नकोस हं."

"मी चहा करते," कात्री म्हणाली आणि खरंच चहा करायला लागली. दाराच्या फटीतून तिला विहीणबाईंची पाठ दिसत होती.

जावयाने कागद पुढे सरकवले. "आई, इथे आणि इथे. वाचायचं असेल तर मी वाचून दाखवतो."

विहीणबाई उठल्या.

"अगं बस ना. निवांत बोलू."

"हे बसून बोलायचं नाही." दोन्ही हात बाजूला सरळ. आवाज एक्स्चेंजमधला, कुठलीही लाइन तोडू शकेल असा. "घर विकायचं नाही. मी तिथेच राहणार."

जावई हसला. अशा वेळी मुलं हसतात तसाच. "पण तू तर हो म्हणाली होतीस."

"नव्हते म्हणाले. मी तोंडावर हात धरला होता. तू हो धरलंस."

"तीन मजले चढून जायचं, या वयात? आम्ही तुझ्यासाठीच..."

"नाही."

"निदान विचार तरी..."

"नाही."

पुढे काही आलंच नाही. विहीणबाईंना सांगायचं होतं ते सांगून झालं होतं आणि त्या थांबल्या होत्या. दलालाला अशा शांततेची सवय असावी. त्याने फाइल परत बगलेत घेतली आणि चहा नको म्हणाला.

लेक तरातरा स्वयंपाकघरात आली. "तूच भरवलंस हे त्यांच्या डोक्यात."

"डोक्यात नाही. मी फक्त तोंडाचं बघितलं."

"विनोद करू नकोस, आई. त्या मोठ्या घरात तुझीसुद्धा एक खोली धरली होती आम्ही. पुढेमागे लागेल म्हणून."

कात्रीने गॅस बंद केला. "मला विचारलं होतंस?"

लेकीने पर्स उचलली आणि जिना उतरून गेली. त्यानंतर बरेच दिवस तिचा फोन आला नाही. कात्रीनेही केला नाही. चाकावर बसलं की तिला ती शांतता टोचायची, पण पेन्सिलीने खूण करून घासून टाकता येईल अशी ती जागा नव्हती. आपण चुकलो, असंही तिला वाटलं नाही.

विहीणबाई आपल्या तिसऱ्या मजल्यावर परत गेल्या. कात्रीने दिलेल्या त्या तीन छोट्या रेकॉर्डसाठी जुन्या बाजारातून त्यांनी एक रेकॉर्डप्लेअर आणवला. डोळे आता लखलखीत, बटणावरचे आकडे त्यांना लांबूनही दिसतात. 'रविवार बंद' त्या कधी पंचेचाळीसवर लावतात, कधी मुद्दाम तेहतीसवर. दोन्ही खरं आहे, असं त्यांचं मत झालंय. कात्रीला ते अजिबात मान्य नाही आणि त्यावरून दोघींची फोनवर भांडणं होतात.

परवा अशाच एका फोनवर त्यांनी विचारलं, "कात्री, हे तिन्ही पाठ झाले. आता पुढचं सांग." अहो-जाहो केव्हाच गळून पडलं होतं.

"'उकळतं डांबर'. त्यांचा पहिला अल्बम, 'एक खोली, चार कुलपं'. मोठी रेकॉर्ड आहे, तेहतीसच ठेव. दुसऱ्या बाजूने सुरुवात कर, पहिल्या बाजूला त्यांना स्वतःवर भरवसा नव्हता."

तेवढ्यात पलीकडे दाराची बेल वाजली. थोडं थांबून पुन्हा वाजली.

"कोणीतरी आलंय," कात्री म्हणाली.

"दलाल असेल. या आठवड्यात दुसऱ्यांदा. दुसरं कोणीतरी गिऱ्हाईक आणलंय म्हणे." उमेदीची सगळी वर्षं वाजणाऱ्या प्रत्येक घंटेला तत्परतेने उत्तर देण्यात घालवलेली ती बाई जागची हलली नाही. "वाजू दे. दुसरी बाजू म्हणालीस ना?"

"दुसरी."

बेल वाजत राहिली. पलीकडे सुई टेकल्याची खरखर आली आणि बेलच्या आवाजावर 'शेजाऱ्यांची तक्रार' चढत गेली. कात्रीने रिसीव्हर कानापासून थोडा लांब धरला आणि दुसऱ्या हाताने चाक सुरू केलं.