पाटीवरचं कुंकू

आर्या, निनाद,

नव्या फोर्कलिफ्टच्या पूजेच्या फोटोत आजी का नाही, असं काल तुम्ही फोनवर विचारलंत. तुमची आई मध्येच म्हणाली, "कामात असेल." मी कामात नव्हते. मला बाजूला काढलं होतं. खोटं उत्तर तुमच्यापाशी राहू नये म्हणून आजच लिहिते आहे.

आरतीचं ताट माझ्या हातात होतं. मालकीणबाईंनी ते काढून घेतलं. "तुम्ही नका, बाई. सवाष्णीचा हात लागू द्या." सगळ्यांसमोर. तुमचे आजोबा जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांचं मरण त्या दिवशी पुन्हा माझ्या अंगावर फेकलं. मी मागं सरले. हो, सरले. त्याची लाज अजून वाटते.

वाळूजच्या या कारखान्यात बावीस वर्षं मी स्टोअर सांभाळते. विजेवरची गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा सगळी माहितीपत्रकं मीच वाचली. इंग्रजी घेऊन बी.ए. झाले, ते कामी आलं. 'दोन टन' हा ठळक आकडा खरा असतो, पण अर्धाच. वजनाचा मध्य गाडीच्या पुढच्या, पेटी उचलणाऱ्या काट्यांच्या मुळापासून पाचशे मिलिमीटरवर असेल, तरच दोन टन. पेटी लांब असली की तो मध्य पुढं जातो आणि गाडीची ताकद घटते. उंच चढवलं की आणखी घटते. आमच्या पेट्या लांब. मी अडीच टनांची गाडी मागितली होती. मालकांच्या मुलानं दोन टनांची आणली.

पूजेत कुणीतरी नेमकं क्षमतेच्या पाटीवरच ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. आकडे झाकले गेले. नारळ फुटला. मुलगा म्हणाला, "चला सलीमभाई, ती मोठी पेटी वरच्या रॅकवर चढवा."

मी म्हणाले, "नको. गाडी पुढं कलंडेल."

"दोन टनांची गाडी, दीड टनाची पेटी. मॅडम, शाळेत गणित होतं, का नुसती मेंढरंच मोजली?"

लोक हसले. माझे वडील मेंढपाळ होते, हे सगळ्यांना ठाऊक. चालता कळप ते नजरेनं मोजायचे. एक मेंढरू चुकायचं नाही.

सलीमभाई हसले नाहीत. गाडीत तेच बसले होते.

मी पुढं गेले. पदरानं कुंकू पुसलं. पाटी मोठ्यानं वाचली. आधी इंग्रजीत, मग मराठीत. या पेटीचा मध्य आठशेवर, वरच्या रॅकची उंची साडेचार मीटर. तेराशे किलो. बास.

"अगं बाई, अपशकुन!" मालकीणबाई ओरडल्या.

"दोनशे किलो जास्तीचे आहेत, बाईसाहेब. अपशकुन तो."

"मॅडम, पलटेगी क्या?" सलीमभाईंनी विचारलं.

"व्हय."

त्यांनी किल्ली काढली आणि खाली उतरले.

मुलगा म्हणाला, माफी मागा. मागितली नाही. गाडी ताब्यात घेतल्याच्या कागदावर माझी सही लागत होती. 'लांब पेट्या वर चढवू नयेत' असं लिहूनच सही केली. तेव्हापासून मला बैठकीला बोलवत नाहीत. मी न बोलावता जाते. खुर्ची ओढून बसते. निवृत्तीपर्यंत बसणार आहे.

कुठली पेटी किती उंच न्यायची, याचा मराठी तक्ता मी चार्जिंगच्या जागेशेजारी लावला. दोनदा कुणीतरी फाडला. दोनदा मी पुन्हा लिहिला. आज सकाळी तो भिंतीवर होता.