नायक निघाला, पण आईला विचारून

घरी पाहुणे आले की मी हळूच विषय माझ्या शनिवारच्या वर्गावर आणते. इतके किस्से साठलेत, की पाहुण्यांचा चहा गार होतो पण माझं तोंड थांबत नाही. नवरा म्हणतो, "पोरं हिला एवढे किस्से पुरवतात, फी तर हिनंच त्यांना द्यायला पाहिजे."

सांगलीजवळच्या आमच्या गावात वाचनालयाच्या ओट्यावर पोरं साहसकथा लिहायला जमतात. मी आपली फळ्यावर लिहिते: नायक कोण, स्वभाव कसा, गोष्ट घडते कुठे. पुढचं माझ्या हातात राहत नाही.

वेदांतला विचारलं, "तुझा नायक कसा आहे?"

"लय शूर हाय. कुनाला म्हंजे कुनाला भ्येत न्हाई."

"मग गोष्टीत गुहेच्या दाराशीच का थांबलाय?"

"आईला इचारलं न्हाई अजून."

\*\*\*

खजिन्यासाठी सगळ्यांना बेट हवं होतं. मी म्हटलं, बेट म्हणजे भोवती पाणी पाहिजे. वेदांतचा मामा दुष्काळी कवठे महांकाळकडचा. वेदांत लगेच म्हणाला, "मॅडम, मामाचं गाव बेटच हाय. पानी तेवढं यायचं राहिलंय."

बेट मंजूर झालं. नायक तिथं एसटीनं गेला.

\*\*\*

अरिहंत जैन, त्याच्या घरी सगळेजण दिवस मावळायच्या आत जेवतात. त्याचा नायक उसातनं दरोडेखोराच्या मागं धावत होता. गोष्ट ऐन रंगात, आणि दिवस मावळायला आला म्हणून नायक पठ्ठ्या मध्येच डबा सोडून बसला.

मी वैतागले. "अरे, तेवढ्यात दरोडेखोर पळून जाईल की!"

"कसा जाईल मॅडम? त्यो बी आमच्यातलाच हाय. पलीकडच्या बांधावर जेवतोय."

\*\*\*

या सगळ्यांत खरी लेखिका श्रावणी. पण तिचे आजोबा रिटायर्ड सुभेदार, आणि त्यांना ती शनिवारी स्कॉलरशिपच्या क्लासला हवी होती. "गोष्टी लिहून कुनाचं भलं झालंय?" म्हणत एकदा ते तिला न्यायलाच आले.

श्रावणीचे डोळे भरले. ही पोरगी गेली तर माझा जीव त्या ओट्यावर रमणार नव्हता. मी म्हटलं, "आजोबा, एवढं पान तरी वाचू द्या."

तिनं वाचलं. नायक विहिरीत पडलाय, कपारीला धरून लोंबकळतोय, वर काठावर बिबट्या बसलाय. पान तिथंच संपलं.

आजोबांनी दप्तर उचललं. "झालं? चल."

दोघं गेले.

पुढच्या शनिवारी वाचनालयाचं कुलूप काढायला गेले, तर सुभेदार माझ्या आधी ओट्यावर हजर. शेजारी श्रावणी, आणि त्यांच्या खांद्यावर भल्या मोठ्या दोरखंडाचं वेटोळं.

"मॅडम, हिला इचारलं तर म्हनती अजून ठरलं न्हाई," ते म्हणाले. "इहीर किती खोल धरायची?"