काटोलच्या बागेत फसलेले कर्नल

आमचे सासरे एकही दिवस सैन्यात नव्हते, पण खापरखेड्याच्या कॉलनीत भाजीवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना कर्नल म्हणत. सकाळी उठले की पलंगावरच्या चादरीला एक सुरकुती राहू देत नसत. चहाला हाक मारली तर ‘हाजिर’ म्हणत स्वयंपाकघराच्या दारात ताठ उभे राहत. तरुणपणी ते भरतीला गेले होते, पण तळपाय सपाट निघाले म्हणून तिथून त्यांना परत पाठवलं. मग सगळी नोकरी त्यांनी वीज केंद्रात क्रेन चालवण्यात काढली, आणि निवृत्त झाल्याबरोबर लष्कराने मोडीत काढलेला एक ट्रक लिलावातून घरी आणला.

हिरवा, पुढे आलेल्या नाकाचा, माझ्या छातीला लागतील एवढ्या चाकांचा तो ट्रक होता. त्याच्याबद्दल कोणी काहीही विचारलं तरी कर्नलांचं उत्तर ठरलेलं असे, “लढाईतली गाडी आहे, तिले रस्ता नाही लागत.” ती कोणत्या लढाईत होती हे त्यांनाही माहीत नव्हतं. सासूबाईंचं म्हणणं होतं की ज्या कोणत्या लढाईत असेल तीत ती हरली असणार, म्हणून तर विकली. तरी मेथीची जुडी आणायलासुद्धा दोघं त्याच ट्रकने सावनेरच्या बाजाराला जात. केबिन इतकं उंच होतं की सासूबाई प्लास्टिकचा स्टूल घेऊन फिरत. इंजिनाच्या आवाजात बोलणं शक्यच नसे, म्हणून कर्नलांनी खुणा ठरवल्या होत्या. मूठ वळली की गाडी थांबणार, बोट वर केलं की पुढे जाणार, आणि पंजा पुढे आला की सासूबाईंनी त्यावर सुपारी ठेवायची.

पावसाळ्यात कर्नलांच्या अंगात विशेष उत्साह यायचा. आभाळ फाटलं की ते दोरखंड घेऊन अडकलेल्या गाड्या शोधायला निघत. एवढ्या गाड्या रोज कशा अडकणार? एकदा एक गृहस्थ रस्त्याच्या कडेला कार थांबवून फोनवर बोलत बसले होते. बोलणं संपेपर्यंत कर्नलांनी त्यांना कारसकट कॉलनीच्या फाटकापर्यंत ओढून आणलं होतं. ते गृहस्थ भांडायला उतरले. कर्नलांनी त्यांना पाणी दिलं, आता घाबरायचं काही कारण नाही असा धीर दिला आणि पुढची गाडी शोधायला निघून गेले.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते काटोलला, आमच्या संत्र्याच्या बागेत. मी तेव्हा सावनेरला शिक्षिका होते आणि निखिलशी लग्न करायचं ठरवलं होतं. माझे वडील अबोल माणूस. त्यांनी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही, फक्त म्हणाले की मुलाच्या आईवडिलांना एकदा घेऊन ये, पाहू. निखिलने बोलता बोलता त्यांना सांगितलं होतं की आमच्या बाबांना सगळे कर्नल म्हणतात. वडिलांनी त्यातलं ‘कर्नल’ तेवढं ऐकलं आणि सगळ्या गावाला सांगून ठेवलं. पाहुणे यायच्या दिवशी आमच्या ओसरीवर निम्मं गाव बसलं होतं. त्यात सैन्यातून निवृत्त झालेले एक हवालदारही होते आणि त्यांनी छातीवर पदकं लावली होती.

घराकडे येणाऱ्या रस्त्यावर संत्र्यांच्या क्रेटांनी भरलेला एक ट्रॅक्टर आडवा उभा होता. निखिल म्हणाला, पाच मिनिटं थांबू, तो निघेल. पण समोर होणारी सून, हाताखाली लढाईतली गाडी, अशा वेळी थांबणं कर्नलांना कमीपणाचं वाटलं. त्यांनी ट्रक धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, थेट बागेत घातला.

आता, आमच्याकडे संत्र्याला फुलं यावीत म्हणून झाडांचं पाणी काही आठवडे तोडतात आणि मग एकदम भरपूर सोडतात. वडिलांनी आदल्या दिवशीच पाणी सोडलं होतं. वरून जमीन छान दिसत होती, खाली काळ्या मातीचा नुसता लोण्यासारखा गारा. आम्ही ओसरीवरून पाहत होतो. ट्रक झाडांच्या दोन ओळींमधून मोठ्या रुबाबात आला, मग त्याचा रुबाब जरा कमी झाला, मग चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि बघता बघता तो पोटापर्यंत बसला. कर्नलांनी चारही चाकांना जोर दिला, तसा तो चारही बाजूंनी सारखा खाली गेला. शेजारून माझी काकू स्कूटीवर डब्बा घेऊन आली आणि बांधावरून आरामात निघून गेली.

सासूबाईंनी उतरायला स्टूल खाली टाकला. स्टूल दिसेनासा झाला. शेवटी संत्री तोडायची शिडी लावून त्यांना पेढ्यांच्या डब्यासकट उतरवलं. कर्नल मात्र उतरायला तयार नव्हते. त्यांनी खिडकीतून सगळ्यांना नमस्कार केला आणि गाडी निघाल्याशिवाय आपण निघणार नाही असं सांगितलं. तेवढ्यात हवालदार चिखल तुडवत पुढे गेले, कडक सलाम ठोकला आणि विचारलं, “साहेब, पलटण कोणती?”

सगळं गाव ऐकत होतं. निखिलने डोळे मिटून घेतले.

“पलटण नाही गा,” कर्नल म्हणाले. “मले भरतीतूनच वापस पाठवलं. तळवे सपाट आहेत. कर्नल तर लोकंच म्हणतात.”

कोणीतरी खो खो हसलं आणि मग सगळेच हसले. वडिलांचा चेहरा मात्र उतरला. त्यांनी चाकांखालचा चिखल काढायला आणलेलं फावडं झाडाला टेकवलं, शिडी ट्रकला लावली, केबिनमध्ये चढून बसले आणि दार लावून घेतलं. आमचं लग्न तिथेच मोडलं असं मला वाटलं. आई देवासमोर दिवा लावायला आत गेली. केबिनमधून काही ऐकू येत नव्हतं. बऱ्याच वेळाने वडिलांचं डोकं खिडकीतून बाहेर आलं आणि त्यांनी आईला सांगितलं की दोन ताटं वरच पाठव, भात जास्त.

आत काय झालं ते मला नंतर कळलं. वडिलांनी विचारलं होतं की एवढ्या लोकांत खरं सांगायची काय गरज होती, कोणत्याही पलटणीचं नाव घेतलं असतं तर कोण तपासायला जाणार होतं? कर्नल म्हणाले, “इवाई, गाडी फसली ते फसली. तुम्हाले काहून फसवू?” व्याही व्हायचं अजून ठरलेलंही नव्हतं, आणि या माणसाने इवाई म्हणून हाक मारली होती. वडिलांनी ती दुरुस्त केली नाही. एवढ्यावर आमचं लग्न ठरलं. पुढचा सगळा वेळ दोघं ट्रकचे दांडे ओढून कोणता कशाचा आहे ते पाहत बसले होते. एक दांडा ओढल्यावर ट्रक आणखी खाली गेला, तेव्हा दोघांनी तो विषय सोडला.

बैलांनी झालं नाही, ट्रॅक्टरने झालं नाही. वडिलांनी त्या भागातलं पाणी बंद केलं आणि जमीन वाळेपर्यंत पाहुणे आमच्याच घरी राहिले. सासूबाई आईबरोबर पापड लाटायला लागल्या. कर्नल रोज सकाळी आम्हा सगळ्यांच्या चादरी ताणून ठेवत. आमच्या घरात जेवताना कधी कोणी बोलत नसे. त्या दिवसांत वडील ताटावर बसले की हात वाळेपर्यंत उठत नसत.

जमीन वाळल्यावर वडिलांनी ट्रक मीच काढणार असा हट्ट धरला. कर्नल समोर उभे राहून खुणा करत होते. ट्रक एका हिसक्यात बाहेर आला आणि कर्नलांनी घाईघाईने मूठ वळली. वडिलांना वाटलं, शाबासकी आहे. त्यांनी तशीच मूठ वळून दाखवली आणि आमच्या न्हाणीघराची टिनाची भिंत घेऊनच थांबले.

कर्नलांनी ही गोष्ट पुढे कधी लपवली नाही. उलट भेटेल त्याला सांगत, आणि सांगताना दर वर्षी चिखल थोडा वाढवत. गेल्या हिवाळ्यात ते गेले. झोपेत, सरळ उताणे, पाय जुळवून.

तेरवीच्या जेवणाला सगळे नातेवाईक जमले होते. पंगतीत कोणीतरी ट्रकची आठवण काढली. एवढी दणकट गाडी म्हणे आणि कशी संत्र्याच्या बागेत फसली, म्हणून सगळे हसायला लागले. निखिलही हसला, मीही हसले. माझे वडील पानावर मान घालून बसले होते. त्यांनी घास खाली ठेवला.

“फसली नव्हती गा,” ते म्हणाले. “माह्या घरी मुक्कामाले थांबली होती.”