काचेतून दिसणारी नोकरी

मला नोकरी लागली ती बारावीच्या मार्कांमुळे नाही आणि मुलाखतीत फाडफाड बोलले म्हणूनही नाही. ती लागली दुकानाच्या काचेमुळे. कंपनीने मला घेतलं होतंच, पण घरातून सोडायचं की नाही हे सासूबाई ठरवणार होत्या, आणि त्यांनी आधी दुकान बघून यायचं ठरवलं.

एका मोबाइल कंपनीचं ते स्वतःचं दुकान होतं. भिवंडीत तोवर फोन घ्यायचा म्हणजे कव्हरांच्या माळा आणि रिचार्जच्या गर्दीत घुसून घ्यायचा. इथे मात्र पांढरी टेबलं, गार हवा, आणि फोन उघडेच मांडलेले. कुणीही यावं, हाताळावं, न घेता जावं. रस्त्याच्या बाजूला वरपासून खालपर्यंत नुसती काच. सासूबाई भाजीची पिशवी घेऊन त्या काचेसमोर उभ्या राहिल्या, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत नजर फिरवली आणि घरी येऊन म्हणाल्या, "आतलं समदं भायेरशी दिसतं. जा. पन मना दिसशील अशी उभी ऱ्हा."

आमच्या आळीतल्या दोघी-तिघी जवळच्या काल्हेरच्या पत्र्याच्या गोडाऊनमध्ये कामाला जायच्या, पण सासूबाईंना ते पटत नव्हतं. "पत्र्याच्या मांगं काय चाललंय ते कोनाला ठावं?" असं त्या विचारायच्या. म्हणजे काच आहे तोवर माझी नोकरी, हे पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं.

मग रोजचं सुरू झालं. मंडईतून परतताना त्या काचेपाशी थांबायच्या, मला बघायच्या आणि चालू लागायच्या. हसणं नाही, हात करणं नाही. दुकानात माझ्याबरोबर कामाला असलेली मुलं म्हणायची, "आला तुझा सीसीटीव्ही." माझा नुसता संताप व्हायचा. लग्न होऊन आलेली बाई मी, आणि ही काय शाळेतल्या पोरीसारखी हजेरी! पण एकदा त्या तापाने पडल्या होत्या, त्या दिवशी भाजीच्या वेळेला मीच सारखी रस्त्याकडे बघत होते. स्वतःचाच राग आला मला.

दुकान मात्र जोरात चाललं. शुक्रवारी कापडाचे लूम बंद, म्हणून शुक्रवारी पाय ठेवायला जागा नसायची. कामगार अत्तर लावून यायचे, फोन हातात घेतला की पहिलं वाक्य ठरलेलं, "दीदी, वीडियो कॉल लगा दो ना, अम्मी को दिखाना है." आमच्या गावाकडची माणसं यायची ती टेम्पो भरून. फोन एकाला, पसंती दहा जणांची, आणि त्यातली एखादी आजी कोपऱ्यात बसून "रंग काला नको" एवढंच बजावणार.

फोन पसंत झाला की आमची माणसं तो चालू करू द्यायची नाहीत. आधी हळदकुंकू. गाडी आणली तर तिला लावतो, मग याला का नाही? पहिल्यांदा एका मावशीने "कुकू कुठाय?" असं विचारलं तेव्हा मी बावळटासारखी टेबलाचा खण उघडून बघितला. घरी ते सांगितल्यावर सासूबाई खूप हसल्या, आणि सकाळी माझ्या डब्याशेजारी त्यांनी हळदकुंकवाची स्टीलची छोटी कोयरी ठेवली होती. मुंबईहून तपासणीला आलेल्या साहेबांनी टेबलावरच्या कोयरीकडे बघून नाक मुरडलं. हे आपल्या डिझाइनमध्ये बसत नाही म्हणाले. तेवढ्यात एक टेम्पो येऊन थांबला, आणि साहेब वाट देत बाजूला सरकले.

हळूहळू बायका फोनला माझ्याच हाताने कुंकू लावून घ्यायला लागल्या. माझ्या हातचा फोन टिकतो, असं कुणीतरी उठवलं होतं. मला ते आवडायचं. उगाच का नाही म्हणू?

उतरण लागली तीसुद्धा गर्दीतूनच लागली, म्हणून आधी कळलीच नाही. लोक घरबसल्या फोन मागवायला लागले. तेच फोन, आमच्याच कंपनीचे, पण स्वस्त. आणि ते यायचे कुठून, तर काल्हेरच्या गोडाऊनमधून. माझा धाकटा दीर तिथेच पॅकिंगला होता. तो रात्री जेवताना "आज तुमच्या कंपनीचा लय माल निघाला" म्हणून कौतुकाने सांगायचा, आणि माझी भाकरी अर्धीच राहायची.

आमच्या लोकांची तऱ्हा अशी, की फोन ऑनलाइन मागवायचा, पण खोका घरी फोडायचा नाही. तो तसाच बंद माझ्याकडे आणायचा. मी फोडायचा, कुंकू लावायचं, चालू करायचा, जुन्यातले फोटो नव्यात घालायचे, आणि मग पेढा ठेवून मंडळी खूश होऊन जायची. दारावर आत येणारी माणसं मोजणारं यंत्र होतं. त्याच्या हिशोबाने आमचं दुकान भरभराटीत होतं, आणि बिल मात्र एक फाटत नव्हतं. गर्दी असून विकता येत नाही म्हणजे विकणारेच कामाचे नाहीत, असं वरच्यांनी ठरवलं.

मॅनेजर म्हणाला, बाहेरचे खोके घेऊ नकोस. मी एका आत्याला तसं सांगूनही बघितलं. "आत्या, हा आमच्या दुकानातला नाही हो."

"आसंना का," आत्या म्हणाली, "तू तर आमचीच हायस."

मी कोयरी काढली.

पुढे एकेक टेबल गेलं, एसी दुपारपुरता उरला. मग एक दिवस काचेवर लाल कागद चिकटवले, सगळा माल सवलतीत म्हणून. पूर्ण काच झाकली गेली. त्या दिवशी सासूबाई एवढ्या वर्षांत पहिल्यांदा दार ढकलून आत आल्या.

"ह्यो कागूद कशाला लावलाय? काय दिसत न्हाय."

"दुकान बंद होतंय, आई."

त्या स्टुलावर बसल्या. रिकाम्या फळ्यांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मना एक फोन दे."

"भाऊजी स्वस्तात मागवून देतील की."

"त्याचा नको. तुज्या हातचा दे."

जन्मभर बटणांचा फोन वापरलेली ही बाई. मी फोन काढला, कुंकू लावलं, पण ठिपका फोनच्या काचेवर पसरला. त्यांनी तो पदराने पुसला. मला रडू आवरेना. त्यांनी समजूत घातली नाही, पण दुकान बंद होईपर्यंत पिशवी मांडीवर घेऊन तिथेच बसून राहिल्या.

नंतर मी घरी बसले. कुणी टोचून बोललं नाही, तरी भांडी घासताना मला दुकानाचं दार दिसायचं. गोडाऊनमध्ये बायकांची भरती निघाली, दिवसाची शिफ्ट, हे दिराने सांगितलं तेव्हा मी मान वर केली नाही. विचारायची हिंमतच नव्हती.

सासूबाईंनीच विचारलं, "जाशील का?"

"तिथं काच नाही, आई."

"ठावं हाय मना," त्या म्हणाल्या आणि लसूण सोलत राहिल्या.

आता मी पत्र्याच्या भिंतींमागे खोके बंद करते, तेच खोके, जे कधी मी उघडायची. आत फोन नेऊ देत नाहीत. गेटवर लॉकरमध्ये ठेवावा लागतो. शिफ्ट संपवून लॉकर उघडला की रोज त्यांचा एक मिस्ड कॉल असतो, मंडईतून परतायच्या वेळेचा. शेवटी मी म्हटलं, "आई, मला उचलता येत नाही हे माहीत आहे ना तुम्हाला? मग कशाला लावता?"

"उचलशील म्हनून न्हाय लावत गो," त्या म्हणाल्या. "बगून जाते."