चिठ्ठीवरचं नाव

गाब्रोव्हो शहरातल्या झ्द्राव्का मिनेव्हाला वर्षातला एकच महिना कमाईचा, फेब्रुवारी. लाल-पांढऱ्या लोकरीची मार्तेनित्सा एक मार्चला माणसं एकमेकांच्या मनगटावर बांधतात. दोन मार्चला तिला कुणी फुकटही विचारत नाही. कापडगिरणी बंद पडल्यावर झ्द्राव्काने या दोऱ्याचं ऑनलाइन दुकान थाटलं आणि नऊ वर्षं चालवलं. यंदा मात्र पंधरा फेब्रुवारी उलटली तरी ऑर्डरी येईनात. हा महिना हातचा गेला तर दुकान मिटवावं लागणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

स्पर्धकांवर नजर ठेवण्यात ती कुणाला हार जाणारी नव्हती. दर सोमवारी सहा दुकानं उघडून बसायची. कुणाचे फोटो कसे, जाहिरातीत शब्द कोणते, गिऱ्हाइकं कशावर कुरकुरतात, पाकीट किती दिवसांत पोचतं, सगळं निळ्या वहीत. नवरा रुमेन म्हणायचा, "लग्नाआधी माझी एवढी चौकशी केली असतीस तर दोघंही वाचलो असतो."

त्या वहीनेच तिला दाखवलं होतं की बाकीचे दोन दिवसांत माल धाडतात आणि आपल्याला आठवडा लागतो. कारण आपला माल योवा मावशी करायची. ही आईची धाकटी बहीण. चौऱ्याहत्तरची, नवरा गेलेला, मूलबाळ नाही, डोंगरातल्या गावात एकटी राहायची. दोरा वळायला झ्द्राव्काला तिनेच शिकवलेलं. झ्द्राव्काने गेल्या शरदात मशीनवरचा तयार माल मागवला आणि मावशीला फोनवर सांगून टाकलं, "गाठ कशी मारलीय ते फोटोत कुणाला दिसतं गं?" मावशी "बरं" म्हणाली. त्यानंतर दोघींचं बोलणं बंद. हे वागणं वाईटच होतं, पण वहीत त्याचा रकाना नव्हता.

जानेवारीत सातवं दुकान उगवलं, ईस्क्रा नावाच्या कुणा पोरीचं. शोधायला जावं तर तेच सगळ्यात वर. फोटोंत नुसती गाठ, अगदी जवळून काढलेली. झ्द्राव्काने तिच्या जाहिरातींतले शब्द उचलून आपल्या पानावर लावून पाहिले, पण काही फरक पडेना. शेवटी तिने नणंदेच्या नावाने, नणंदेच्या पत्त्यावर एक पाकीट मागवलं. अर्जात एक चौकट होती: कोणाला बांधणार? ती भरल्याशिवाय ऑर्डर पुढे सरकेना. मार्तेनित्सा कुणी स्वतःसाठी घेत नाही, तेव्हा नाव हवंच. मागे दुसरी कामं खोळंबली होती. दरवर्षी लिहून बोटांना जे नाव सवयीचं झालेलं ते टाकून तिने बटण दाबलं.

तिसऱ्या दिवशी नणंदेकडून पाकीट आलं. तिने ते फोडलं. दोऱ्याचं टोक दोनदा फिरवून आत खोचलेलं. अशी गाठ गाब्रोव्होच्या सगळ्या पंचक्रोशीत एकच बाई मारायची, मावशी. सोबतच्या चिठ्ठीवर तिचंच वाकडंतिकडं अक्षर होतं: "योवा मावशीला."

घरच्याच माणसाने गळा कापला, असं पुटपुटत झ्द्राव्काने गाडी काढली. घाटात बर्फ होतं. दोनदा चाक घसरलं, तरी वेग कमी केला नाही.

मावशी चुलीपाशी लोकरीच्या ढिगात बसली होती. तिने मान वर केली नाही.

"माझ्या पोटावर पाय दिलास, मावशी."

"तू सोडलंस. ती पोरगी चिखल तुडवत आली, विचारलं, हो म्हटलं."

"मला सांगायचं तरी."

"आपण बोलत होतो का?"

झ्द्राव्काने पाकीट तिच्यापुढे आदळलं. मावशीने चिठ्ठी उचलली, सरळ केली.

"शेकडो नावं लिहिली या महिन्यात. त्यात हे आलं. योवा मावशी म्हणणारी मला एकच आहे." तिने चिठ्ठी गुडघ्यावर ठेवली. "यंदा मला कुणी बांधणार नाही असं धरून चालले होते मी."

झ्द्राव्का भांडायचं विसरली. तिला रडू आलं आणि लाजही वाटली.

"तुझ्यासाठी यंदा एकही वळणार नाही," मावशी म्हणाली. "तिला शब्द दिलाय."

या गाठीशिवाय ऑर्डरी येणार नव्हत्या, म्हणजे दुकान गेलं. झ्द्राव्काला ते तिथे उभ्या उभ्या कळलं.

"नको वळूस," ती म्हणाली.

"मग अजून उभी का?"

"बांधायला आलेय."

"एक तारखेला बांधतात, बावळट."

"मग एक तारखेला येईन."

मावशीने लोकरीची टोपली पायाने तिच्याकडे सरकवली. "तोवर बस. त्या पोरीची चाळीस पाकिटं उद्या जायचीत."

झ्द्राव्काने पिशवीतून निळी वही काढली, गार फरशीवर टाकली आणि तिच्यावर बसली. मग लाल दोरा पांढऱ्याशी वळला, टोक दोनदा फिरवलं आणि आत खोचलं.